सातबारा आणि स्तोत्रसंहिता: देवाकडे न्याय मागणं म्हणजे नेमकं काय?

माझ्या आत्याच्या बायबलमध्ये सातबाऱ्याची झेरॉक्स असायची. चार घड्या घातलेली, घड्यांवर कापडासारखी मऊ पडलेली, स्तोत्रसंहितेच्या, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकाच्या, पानांत. करवीर तालुक्यातल्या एका गावात तिच्या नवऱ्याच्या नावावर पावणेदोन एकर जमीन होती. ते गेले, आणि वारसनोंद करताना आत्याचं आणि तिच्या दोन मुलींचं नाव गाळलं गेलं. हे दिरानं केलं, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. विचारायला गेलं की उत्तर एकच: अर्ज द्या, बघू.

कोल्हापुरातल्या भाड्याच्या खोलीत ती दिवेलागणीला प्रार्थनेला बसायची. कागदावर तळहात ठेवायची आणि म्हणायची, "देवबापा, हे बघ. माझं हाय तेवढंच मागतोय. दुसऱ्याचं नको." मग एक स्तोत्र. एका संध्याकाळी तिचा चष्मा मोडला होता म्हणून वाचायला मी बसले. मी तेव्हा नववीत होते. 109 वं स्तोत्र निघालं. खोटे आरोप करणाऱ्या वैऱ्याविरुद्धचं ते गाऱ्हाणं आहे आणि फार कडक आहे. वाचत वाचत मी त्या ओळीशी आले जिथे म्हटलंय की त्याची मुलं पोरकी होवोत, त्याची बायको विधवा होवो.

"थांब," आत्या म्हणाली.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "जाऊ माझी चांगली हाय की गं. तिला कशाला माझ्यासारखं करायचं?" आणि थोड्या वेळानं, "वाच फुडं. देवाच्या पुस्तकात हाय, तर असंल कशाला तरी."

ते कशाला आहे, हे समजायला मला पुढची कित्येक वर्षं लागली. ख्रिस्ती माणूस देवाकडे न्याय मागतो तेव्हा तो नेमकं काय मागतो, कोणत्या हक्कानं मागतो, आणि मागून झाल्यावर त्यानं काय करायचं असतं? आमच्या चर्चच्या मंडळीतही याबद्दल बराच गोंधळ आहे. कुणाला वाटतं, देवाला सांगितलं की समोरच्याचं वाईट होणारच. कुणाला वाटतं, चांगल्या ख्रिस्ती माणसानं न्याय मागूच नये, गपगुमान क्षमा करावी. बायबल वाचलं तर या दोन्ही समजुती टिकत नाहीत.

वेशीतला न्याय

आधी शब्द पाहू. जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग, जवळजवळ सगळा मूळ हिब्रू भाषेत आहे. त्यात न्यायासाठी दोन शब्द जोडीनं येतात, मिशपात आणि त्सदाका. मिशपात म्हणजे निवाडा: कुणाचं काय आहे ते ठरवणं आणि ज्याचं त्याला देणं. त्सदाका म्हणजे नीतिमत्त्व, नात्यात सरळ वागणं. यशया संदेष्ट्यानं पाचव्या अध्यायात या शब्दांवर एक कोटी केली आहे, पण ती करमणुकीसाठी नाही. तो म्हणतो, देवानं मिशपातची वाट पाहिली तर दिसला मिसपाह, म्हणजे रक्तपात. त्सदाकाची वाट पाहिली तर ऐकू आली त्सआका, म्हणजे गांजलेल्याची किंकाळी. हिब्रूत एखाद्या अक्षराचाच फरक आहे. कागदावर सगळं न्यायासारखं दिसतं, पण कान देऊन ऐकलं तर आतून रडणं ऐकू येतं. लगेच पुढच्या वचनात यशया सांगतो की घराला घर आणि शेताला शेत जोडत सुटणाऱ्यांना धिक्कार असो. आत्याला हे वचन तोंडपाठ होतं, यात नवल नाही.

हा न्याय कुठे व्हायचा? गावाच्या वेशीत. वडीलधारे तिथे बसत, वादी-प्रतिवादी उभे राहत, साक्षी होत. म्हणूनच आमोस संदेष्टा सांगतो की वेशीत न्याय स्थापन करा. ज्याला पुरुष नातेवाईक नाही, पैसा नाही, ओळख नाही, त्याचं वेशीत कोण ऐकणार? म्हणून नियमशास्त्र, म्हणजे जुन्या करारातली देवाच्या नियमांची पुस्तकं, विधवा, पोरकी मुलं आणि परदेशी यांची नावं पुन्हा पुन्हा घेतं. निर्गम या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात देव सांगतो की त्यांना छळू नका, ती मला हाक मारतील आणि मी ती ऐकेन. बांध कोरणाऱ्याबद्दलही नियमशास्त्रात वचन आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायात शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणाऱ्यावर शाप उच्चारला आहे आणि सगळ्या लोकांनी त्याला 'आमेन' म्हणायचं आहे. नीतिसूत्रांत याच गोष्टीला आणखी एक बाजू जोडली आहे: पोरक्यांच्या शेतात शिरू नका, कारण त्यांचा सोडवणारा समर्थ आहे, तो त्यांचा दावा चालवील. हा 'सोडवणारा' म्हणजे हिब्रूत 'गोएल'. गेलेली जमीन किंमत मोजून परत घरात आणणं हे ज्याचं कर्तव्य असतं, तो जवळचा नातेवाईक. रूथच्या पुस्तकात बवाज हे काम वेशीत, दहा वडिलांसमोर करतो. ज्याला असा नातेवाईक नाही त्याचा गोएल देव स्वतः होतो, अशी ही श्रद्धा आहे.

म्हणून 'देव न्याय करणार' हे वाक्य बायबलमध्ये बहुतेक वेळा धमकी नसतं, ती बातमी असते आणि आनंदाची असते. 96 व्या स्तोत्रात देव न्याय करायला येतो म्हणून रानातली झाडं गाऊ लागतात. आपल्याकडचा अनुभव आठवून बघा. भूमी अभिलेखचा मोजणीदार येणार त्या दिवशी गावात दोन घरं पहाटेपासून जागी असतात. ज्याचा बांध कोरला गेलाय ते घर आणि ज्यानं कोरलाय ते. मोजणी एकच, फूटपट्टी एकच. एकाला वाटतं बरं झालं आज आले, दुसऱ्याला वाटतं आज पाऊस पडावा. स्तोत्रं रचणारे पहिल्या घरात बसलेले आहेत. ते न्यायाच्या दिवसाला घाबरत नाहीत, त्याची वाट पाहतात.

ती विधवा आणि तो न्यायाधीश

येशूनं न्याय आणि प्रार्थना यांबद्दल सांगितलेला मुख्य दाखला लूकच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात आहे. एका नगरात एक न्यायाधीश असतो. तो देवाला भीत नाही आणि माणसालाही जुमानत नाही. त्याच नगरात एक विधवा असते. ती त्याच्याकडे येत राहते आणि एकच म्हणते: माझ्या प्रतिवाद्याविरुद्ध माझा न्याय करा. तो बरेच दिवस दाद देत नाही. शेवटी मनाशी म्हणतो, हिचा त्रास नको, करून टाकू न्याय, नाहीतर ही येऊन येऊन मला जेरीस आणील. मूळ ग्रीकमध्ये इथे वापरलेल्या क्रियापदाचा शब्दशः अर्थ डोळ्याखाली ठोसा लगावणं असा आहे. म्हणजे एका निराधार बाईच्या खेपांनी हा साहेब अक्षरशः घायकुतीला आला आहे.

हा दाखला कोल्हापूरकरांना कुणी फार समजावून सांगायला नको. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ कोल्हापुरात व्हावं म्हणून इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ मागणी लावून धरली. मोर्चे, उपोषणं, निवेदनं, कामकाजावर बहिष्कार. 18 ऑगस्ट 2025 ला सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांतल्या माणसांची मुंबईची खेप वाचली. त्या चाळीस वर्षांत किती जण म्हणाले असतील की हे काही होत नाही! पण जाणारे जात राहिले.

मात्र इथेच या दाखल्याचा चुकीचा अर्थ लावला जातो आणि तो मी अनेक प्रार्थनासभांत ऐकला आहे. तो असा: देवाच्या मागे लागा, दार ठोठावत राहा, कंटाळून का होईना तो देईल. नाही! येशू त्या न्यायाधीशाशी देवाची तुलना करत नाही, तो दोघांतला फरक दाखवतोय. असा कोडगा माणूससुद्धा शेवटी न्याय करतो, तर रात्रंदिवस हाक मारणाऱ्या आपल्या माणसांचा न्याय देव करणार नाही का, असा त्याचा प्रश्न आहे. विधवेला तिथे कुणी ओळखत नव्हतं. प्रार्थना करणारा मात्र बापाकडे जातो. म्हणून चिकाटी हवी ती देवाला नमवायला नव्हे, आपण खचू नये म्हणून. लूकनं दाखला सुरू करतानाच तसं सांगून ठेवलं आहे की सर्वदा प्रार्थना करावी आणि खचू नये.

त्याच अध्यायात लागूनच दुसरा दाखला आहे. बहुतेक जण तो वेगळा धरतात, पण दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय विषय पुरा होत नाही. एक परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, आणि एक जकातदार, म्हणजे लोकांनी पापी ठरवलेला करवसुली करणारा, मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी आपल्या उपासांचा आणि दशांश दानाचा हिशोब देतो. जकातदार लांब उभा राहून ऊर बडवत म्हणतो, देवा, मज पाप्यावर दया कर. येशू सांगतो की घरी जाताना नीतिमान ठरला तो जकातदार. ग्रीकमध्ये विधवेच्या 'न्याय करा' या शब्दाची आणि जकातदाराच्या 'नीतिमान ठरला' या शब्दाची मुळी एकच आहे, दिके, म्हणजे न्याय. पहिल्या दाखल्यात मी फिर्यादी म्हणून कोर्टात जातो. दुसऱ्यात माझ्या लक्षात येतं की याच कोर्टात माझ्याही नावानं एक केस आहे. ख्रिस्ती प्रार्थनेत हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं, आणि हीच तिची अवघड बाजू आहे.

चिडलेली स्तोत्रं कशाला

आता आत्याचा प्रश्न. ते 109 वं स्तोत्र बायबलमध्ये कशाला?

स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश गाऱ्हाण्याची आहेत. 13 व्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांतच चार वेळा 'कुठवर?' असं विचारलं आहे. काही स्तोत्रांत राग इतका उघडा आहे की रविवारी व्यासपीठावरून ती वाचायला पाळकसाहेबही कचरतात. पण नीट पाहिलं तर त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. बोलणारा देवाशी बोलतोय. तो वैऱ्याच्या दारात गेलेला नाही, त्यानं कोयता उचललेला नाही, गावभर बदनामी केलेली नाही. जे करावंसं वाटतं ते सगळं त्यानं देवापुढे ओतलं आहे.

अर्ज दाखल केला की काय होतं? आवक क्रमांक पडतो, पोच मिळते, आणि कागद साहेबाच्या टेबलावर जातो. मग त्यावर काय शेरा मारायचा हे आपल्या हातात राहत नाही. येशूचा प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 12 व्या अध्यायात तेच सांगतो: सूड तुम्ही घेऊ नका, देवाच्या क्रोधाला वाट द्या, कारण फेड करणं त्याचं काम आहे. हे वाक्य त्यानं अनुवाद या पुस्तकातून घेतलं आहे. म्हणजे राग गिळा असं नाही, राग योग्य टेबलावर ठेवा. आणि तिथे ठेवला की तो पुन्हा खिशात घालून घरी आणायचा नाही. शिक्षेचं स्वरूपही आपण ठरवायचं नाही, कारण आपल्याला जाऊबाई दिसते, दीर दिसतो, पण सगळा ताळेबंद दिसत नाही.

त्या संध्याकाळी आत्या 'विधवा' या शब्दावर अडखळली, तेव्हा ते स्तोत्र आपलं काम करत होतं असं मला आता वाटतं. तिचा राग शब्दांत उतरला, आणि उतरल्यावर तिला स्वतःला तो ऐकू आला. मनात ठेवला असता तर कधीच ऐकू आला नसता. काही वर्षांनी त्याच झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिनं पेन्सिलीनं दोन नावं लिहिलेली मी पाहिली, दिराचं आणि जावेचं. तुमचा छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असं येशूनं सांगितलंय, ते ती तिच्या पद्धतीनं करत होती. दावा मात्र तिनं मागे घेतला नव्हता.

क्षमा केली, तर केस मागे घ्यायची का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं चुकीचं उत्तर दिल्यानं माणसांचं फार नुकसान झालं आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातली प्रभूची प्रार्थना मराठीत आपण 'ऋण' हा शब्द वापरून म्हणतो. आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं आहे, तसं तू आमचं सोड. ऋण सोडणं म्हणजे काय, हे पतसंस्थांच्या या जिल्ह्यात कुणाला शिकवायला नको. कर्जदारानं हप्ता बुडवला तर रक्कम हवेत विरत नाही. कुणीतरी ती सोसतो: एकतर संस्था, नाहीतर जामीनदार. किती घरांत जामीनदाराच्या पगारातून दुसऱ्याचं कर्ज कापलं जातं! इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूला अधिक चांगल्या कराराचा 'जामीन' म्हटलं आहे. वधस्तंभाचा अर्थ समजून घ्यायला मराठीत मला तरी याहून जवळचा शब्द सापडत नाही. देवानं पापाकडे डोळेझाक केली असती तर तो न्यायी राहिला नसता आणि गांजलेल्यांची किंकाळी वाया गेली असती. नुसता हिशोब वसूल केला असता तर आपल्यापैकी कुणीच उभं राहिलं नसतं. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की त्यानं हिशोब पुरा मांडला आणि जामीन स्वतः भरला. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन आपण चर्चमध्ये बसतो आणि क्रुसावरची सात वाक्यं ऐकतो, तेव्हा याच गोष्टीपुढे बसलेले असतो.

म्हणून क्षमा करणं म्हणजे 'काही झालंच नाही' असं म्हणणं नव्हे. क्षमा म्हणजे सूड घेण्याचा हक्क सोडणं. आपली वस्तू, आपला हिस्सा, आपली सुरक्षितता मागण्याचा हक्क त्यात सुटत नाही. जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट बघा. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला, पण जक्कय म्हणाला काय? ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत करतो. येशूनं त्याला 'राहू दे रे' असं म्हटलं नाही.

पौलाचंही तसंच. फिलिप्पै शहरात त्याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. मध्यरात्री तो आणि त्याचा सोबती सीला तुरुंगात गाणी गात होते, हे सगळ्यांना आठवतं. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडायचं ठरवलं तेव्हा पौल अडून बसला, हे फार थोड्यांना आठवतं. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला उघड मारलं, आता चोरून घालवता? स्वतः येऊन बाहेर न्या! पुढे त्यानं कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. म्हणजे प्रार्थना करणारा माणूस अपिलातही जातो. वारसनोंदीवर हरकत घेणं, प्रांताकडे अपील करणं, पोलिसांत तक्रार देणं, यानं विश्वास कमी पडतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय वारसा कायदा 1925 लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश मिळतं, त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. हे माहीत असणं अविश्वास नव्हे.

आणि एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. घरात मार खाणाऱ्या बाईला 'प्रार्थना कर आणि सोस' असं सांगितलं जातं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. ते येशूच्या तोंडी घालू नये. त्यानं त्या विधवेला सोसायला सांगितलं नाही. तिचं कौतुक केलं ते ती पुन्हा पुन्हा न्याय मागायला गेली म्हणून. पंडिता रमाबाई 1882 मध्ये विधवा झाल्या. त्याच वर्षी त्यांनी हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली, 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढे केडगावला मुक्ती सदन उभं केलं, आणि त्याच बाईंनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत खपून हिब्रू-ग्रीकमधून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांच्या दिवसात प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ एकमेकींच्या आड आल्या नाहीत.

उपासना हा नवस नाही

आपल्या मुलखात गाऱ्हाणं घालायची रीत जुनी आहे. माणसं अंबाबाईपुढे उभी राहतात, जोतिबाला नवस बोलतात, गावदेवीला कौल लावतात. त्यामागची तळमळ खरी असते आणि ख्रिस्ती घरांतही ती रक्तात आहेच. पण ती सवय आपण जशीच्या तशी चर्चमध्ये आणतो, तेव्हा घोटाळा होतो: केस जिंकू दे, मी अमुक इतकं दान देईन, एकवीस दिवस उपास-प्रार्थना करीन. बायबलमधला देव अशा व्यवहाराला तयार नाही. आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला. त्यानं देवाच्या वतीनं सुनावलं की तुमचे सण मला नकोत, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. यशयाचा 58 वा अध्याय तर सरळ उपासावरच आहे. तुम्ही उपास करता आणि त्याच दिवशी मजुरांना राबवता. मला आवडणारा उपास म्हणजे जोखडाच्या गाठी सोडणं, भुकेल्याला आपली भाकरी वाटणं.

येशूनं तर उपासना मध्येच थांबवायला सांगितलं आहे. वेदीजवळ दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. बारकावा लक्षात घ्या. माझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे असं तो म्हणत नाही, भावाच्या मनात माझ्याविरुद्ध आहे म्हणतो. म्हणजे न्याय मागायला मी वेदीपाशी आलो, तर तिथे माझ्यावरचा दावाही निघतो.

मग उपासनेचा न्यायाशी संबंध काय? 73 व्या स्तोत्रात आसाफ नावाचा गायक कबूल करतो की लबाडांची भरभराट पाहून माझे पाय घसरतच होते, देवाच्या पवित्रस्थानात गेलो तेव्हा समजलं. केसचा निकाल लागला नव्हता, पण त्याची नजर बदलली. आठवडाभर आपल्यापुढे दीर असतो, वकिलाची फी असते, पुढची तारीख असते. रविवारी दोन तास न्यायाच्या खुर्चीवर कोण बसलंय ते पुन्हा आठवतं.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 मध्ये आले, तेव्हापासून इथे मराठीत प्रोटेस्टंट उपासना रुजली. तिचा क्रम पाहिला तर न्यायाची मागणी त्यात आधीपासूनच बसवलेली आहे. सुरुवातीला स्तुती, मग पापांगीकार, म्हणजे आधी स्वतःचा गुन्हा कबूल. वचन, उपदेश, मग मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची प्रार्थना. ही प्रार्थना आपण घाईत उरकतो, याची मला खंत वाटते. आजारी, प्रवासी, परीक्षेला बसणारी मुलं यांची नावं येतात. पण ज्याची मजुरी बुडवली गेली तो, खोट्या केसमध्ये अडकलेला, वारसातून गाळलेली बाई, यांची नावं क्वचितच येतात. ती यायला हवीत, आणि न्यायाधीश, तहसीलदार, पोलीस यांचीही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलं आहेच.

पुढे प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी येऊन जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा पौल रागानं लिहितो की हे प्रभुभोजन नव्हेच. एका भाकरीभोवती सगळ्यांनी बसणं हाच निवाडा आहे. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येकांना दुसऱ्या कुठल्या पंगतीत जागा नव्हती, म्हणून या मेजाची किंमत त्यांना कळत होती. आणि त्यांच्या नातवंडांचं एक सामाईक गाऱ्हाणंही अजून आहे: 10 ऑगस्ट 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशानं तो दर्जा हिंदूंपुरता ठेवला, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. हेही मध्यस्थीच्या प्रार्थनेत मांडण्यासारखं आहे, आणि संसदेत आणि कोर्टातही.

आणि उशीर झाला तर?

इथे बायबल खोटा दिलासा देत नाही. जुन्या करारातल्या एका गोष्टीत नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा अहाब राजाला हवा होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. राणीनं दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथला दगडमार झाला. एलीया संदेष्टा देवाचा निवाडा घेऊन आला तोपर्यंत नाबोथ मेला होता. 'खून करून कब्जाही घेतलास काय?' हा देवाचा प्रश्न राजाला ऐकावा लागला, नाबोथला तो ऐकायला मिळाला नाही. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात तर देवाच्या वचनासाठी मारले गेलेले लोक स्वर्गात, वेदीखालून विचारतात: कुठवर, हे स्वामी? तिथेसुद्धा हा प्रश्न संपलेला नाही! त्यांना शुभ्र वस्त्रं दिली जातात आणि आणखी थोडा वेळ थांबायला सांगितलं जातं. ख्रिस्ती लोकांची आशा पुनरुत्थानावर टेकलेली आहे ती यासाठीच. मेलेला माणूस उठणार नसेल, तर नाबोथचा न्याय कधीच व्हायचा नाही.

तोवर काय म्हणायचं? 88 वं स्तोत्र. गाऱ्हाण्याची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे कुठेतरी वळतात, भरवसा बोलून दाखवतात. हे वळत नाही. हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द 'अंधार' आहे. आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेलं आहे, म्हणजे अंधारात संपलेली प्रार्थनाही देवापर्यंत पोचलेली धरली आहे.

आत्याचं आणि मुलींचं नाव सहा वर्षांनी सातबाऱ्यावर लागलं, प्रांताच्या अपिलात. विहिरीतल्या हिश्श्याचं मात्र राहिलं. तो दावा आता कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात आहे. आत्या गेल्यावर तिच्या मुली तारखेला जातात, कधी सुट्टी मिळाली तर मी बरोबर जाते. तिचं बायबल थोरलीकडे आहे. झेरॉक्सच्या जागी आता नवा डिजिटल सहीचा उतारा ठेवलाय, पण जुना कागद टाकलेला नाही. त्याच्या मागच्या पेन्सिलीच्या दोन नावांतलं एक गेल्या वर्षी वारलं. दुसरं नाव आम्ही प्रार्थनेत अजून घेतो. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.